एक्सेलमध्ये कॉन्फिडन्स इंटरव्हल काढताना ०.०६ कसं काय येतंय? (चिवड्याच्या पॅकेटचं वजन)

पोहेवाली_ताई

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. आमच्या बचत गटाचा भाजक्या पोह्यांचा चिवडा पॅकेटमधून दुकानात जातो, पॅकेटवर निव्वळ वजन २०० ग्रॅम छापलंय. भरायचं काम सगळं हातानेच, डावाने घालायचं आणि काट्यावर बघायचं, त्यामुळे एखाद-दोन ग्रॅम इकडंतिकडं होतंच. आता एका दुकानदाराने म्हटलं की तुमचं पॅकेट कमी भरतंय, आणि गटातल्या बायका म्हणतायत उलट आपण जास्तच घालतो. म्हणून मी तयार मालातली १२ पॅकेटं काढून वजन केली. ग्रॅममध्ये अशी आली:

२०३, १९८, २०५, २०१, १९६, २०४, २०७, १९९, २०२, २००, २०६, २०३

ॲव्हरेज बरोब्बर २०२ येतंय आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनांचा फैलाव) ३.३३. बी.कॉम.ला हे सगळं होतं पण तेव्हा पुस्तकाच्या मागचं टेबल बघून करायचो, एक्सेलमध्ये कधी केलं नव्हतं. कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं ॲव्हरेज ज्या दोन आकड्यांमध्ये असावं तो पट्टा) काढायला मी =कॉन्फिडन्स(०.९५, ३.३३, १२) टाकलं तर ०.०६ आलं. म्हणजे खरं ॲव्हरेज २०१.९४ ते २०२.०६ मध्ये? हाताने भरलेल्या चिवड्याचं?? मला काही पटेना.

दुसरं म्हणजे एकूण किती पॅकेटं २०० च्या खाली जात असतील ते बघायला =नॉर्म.डिस्ट(२००, २०२, ३.३३, फॉल्स) केलं, त्याचं ०.१० आलं. म्हणजे १० टक्के ना, पण माझ्या बारातली तीन खाली आहेत. भाचीने गूगल शीट्समध्ये करून बघितलं तरी आकडे तेच, मग गडबड कुठे आहे?

आकडेमोड

ताई, दोन्ही जागी एकच आकडा बदला, काम होईल.

कॉन्फिडन्सच्या फंक्शनला पहिला आकडा अल्फा लागतो, म्हणजे १ वजा तुमचा विश्वास. ९५ टक्के हवं तर ०.०५ टाकायचं. तुम्ही ०.९५ टाकलंत म्हणजे शीटला ५ टक्के विश्वासाचं इंटरव्हल मागितलंत, ते तेवढंच चिमुकलं येणार. ०.०५ टाकलं की १.८८ येईल. आणि हे फंक्शन पूर्ण इंटरव्हल देत नाही, नुसती एका बाजूची रुंदी देतं, ती ॲव्हरेजमधून वजा आणि अधिक आपण करायची. २०२ वजा १.८८ आणि २०२ अधिक १.८८, म्हणजे २००.१२ ते २०३.८८.

नॉर्म.डिस्टमध्ये शेवटी फॉल्स टाकलं की त्या जागी घंटेसारख्या वक्राची उंची किती ते मिळतं, ती टक्केवारी नसते. तुम्हाला डावीकडचं क्षेत्रफळ पाहिजे, म्हणून ट्रू टाका. ०.२७४ येईल, म्हणजे साधारण २७ टक्के, जे तुमच्या बारात तीनशी जुळतंय.

आणि खालचं टोकसुद्धा २०० च्या वर आहे म्हणजे तुमच्या बायका बरोबर आहेत, शीटची प्रिंट काढा आणि दुकानदाराला दाखवा :)

निवृत्त_मास्तर

प्रिंट काढायची घाई करू नका.

आधी सांगतो की फॉर्म्युले मी इथे देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायचे.

आकडेमोड यांनी सांगितलेलं अल्फाचं आणि ट्रू-फॉल्सचं अगदी बरोबर आहे. पण साधं कॉन्फिडन्स असो की २०१० च्या एक्सेलपासून आलेलं कॉन्फिडन्स.नॉर्म असो, दोन्ही असं धरून चालतात की स्टँडर्ड डेव्हिएशन तुम्हाला आधीपासून पक्कं माहीत आहे. इथे तसं कुठे आहे? ३.३३ हा आकडाही त्याच बारा पॅकेटांतून काढलाय, दुसरी बारा उचलली असती तर २.८ आला असता किंवा ४ आला असता. ॲव्हरेज अंदाजे आणि फैलावही अंदाजे, अशा वेळी १.९६ ने (नॉर्मल, म्हणजे घंटेसारख्या वक्रातून येणारा ९५ टक्क्यांचा गुणक) गुणून चालत नाही, टी (लहान सॅम्पलसाठीचा त्याहून मोठा गुणक) वापरावा लागतो. डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला हीच अडचण होती, हाताशी सॅम्पल लहान आणि फैलाव माहीत नाही, त्यातूनच त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने तो पेपर छापला. बिअरच्या कारखान्यातून निघालेली गोष्ट चिवड्याला चालायला हरकत नसावी.

तर आकडे ए२ ते ए१३ मध्ये असतील असं धरून हे टाका:

=कॉन्फिडन्स.टी(०.०५, एसटीडीईव्ही.एस(ए२:ए१३), काउंट(ए२:ए१३))

उत्तर २.१२ येईल. म्हणजे इंटरव्हल १९९.८८ ते २०४.१२. बघा, २०० आता आत आला. एका फंक्शनने ॲव्हरेज नक्की २०० च्या वर म्हणायचं आणि दुसऱ्याने तसं छातीठोक सांगता येत नाही म्हणायचं, आकडे तेच बारा. दुकानदाराच्या पुतण्याला जर टी माहीत असेल तर तुमची प्रिंट तिथेच अडकली असती.

हातानेही करून बघा, एकदा केलं की डोक्यात राहतं. ३.३३ ला १२ च्या वर्गमुळाने भागा, ०.९६१ येतं, ही झाली स्टँडर्ड एरर, म्हणजे ॲव्हरेजचा फैलाव. मग =टी.इन्व्ह.२टी(०.०५, ११) करा, २.२०१ येतं, ११ म्हणजे १२ वजा १. दोघांचा गुणाकार २.११६. इथे एक सापळा आहे तेवढा लक्षात ठेवा. जुनं टीइन्व्ह दोन्ही शेपट्या (वक्राची दोन्ही टोकं) धरतं, पण मध्ये टिंब असलेलं टी.इन्व्ह फक्त डावी बाजू बघतं, त्यामुळे =टी.इन्व्ह(०.०५, ११) टाकलं तर उणे १.७९६ येतं आणि लोक उणे चिन्ह पुसून तेच वापरतात, मग इंटरव्हल ९५ चं न राहता ९० चं होतं. टी.इन्व्ह वापरायचंच असेल तर आत ०.९७५ टाकायचं.

आणि एसटीडीईव्ही.एस च घ्या, पी वालं नको. पी ने ३.१९ येतं कारण ते ११ ऐवजी १२ ने भागतं, ते तुमच्याकडे सगळाच्या सगळा माल मोजलेला असेल तेव्हा वापरायचं.

आकडेमोड

मास्तर, टी चं मान्य, पण १.८८ आणि २.१२ मध्ये पाव ग्रॅमचाही फरक नाही, तो काटाच एक ग्रॅमने उडी मारतो. एवढ्याशासाठी ताईंना कशाला घाबरवायचं?

निवृत्त_मास्तर

घाबरवत नाहीये. उलट मी तर म्हणेन २०० ची रेघ इंटरव्हलच्या बाहेर पडली की आत, यावर निकाल लावूच नये. दोन्ही आकडे तुम्हाला एकच गोष्ट सांगतायत, ॲव्हरेज बहुतेक २०० च्या थोडं वर आहे पण बारा पॅकेटांवर पैज लावण्याइतकं पक्कं नाही. फक्त ९५ टक्के असं लेबल लावलं तर ते ९५ च निघालं पाहिजे एवढाच माझा आग्रह. खोटं वाटत असेल तर शीटमध्येच तपासा, एका ओळीत बारा सेलमध्ये =नॉर्म.इन्व्ह(रँड(), २०२, ३.३३) टाका, शेजारी त्या ओळीची दोन्ही इंटरव्हलं काढा, हजार ओळी खाली ओढा आणि किती ओळींत २०२ सापडतोय ते काउंटइफने मोजा.

लिब्रेवाला

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच सगळी फंक्शनं आहेत, नावंही तीच. फक्त काही सेटिंगला कॉमा चालत नाही, सेमीकोलन टाकावा लागतो, एरर आली तर आधी ते बघा. फुकट आहे, बचत गटाला बरं.

शॉपफ्लोअर_चाकण

मी गाड्यांच्या पार्ट्सच्या क्वालिटीत आहे, चिवड्याचा अनुभव फक्त खाण्याचा, पण प्रश्न रोजचाच आहे म्हणून लिहितो. ताई, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत आणि वर दोघांनी त्यातल्या एकावरच जास्त चर्चा केलीय. 'आपलं ॲव्हरेज भरतं का' हा एक प्रश्न, त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल. 'एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातात हलकं पॅकेट पडेल का' हा दुसरा, त्याला नॉर्म.डिस्ट. दुकानदार बहुतेक दुसऱ्याबद्दल बोलतोय, त्याने एक पॅकेट उचलून आपल्या काट्यावर टाकलं असेल आणि १९७ दिसलं असेल. आणि तुमच्या बायका पहिल्याबद्दल बोलतायत. दोघंही खरं बोलत असू शकतात.

कायदाही दोन्ही बघतो. पॅकबंद मालाचे २०११ चे जे नियम आहेत त्यात सरासरी वजन छापलेल्यापेक्षा कमी नसावं असं आहे, आणि शिवाय एकेका पॅकेटला किती कमी चालेल त्याचा तक्ता आहे. २०० ग्रॅमला ती सूट ९ ग्रॅम आहे. म्हणजे एखादं १९६ निघालं म्हणून लगेच गुन्हा होत नाही, पण १९१ च्या खाली गेलं की ते पॅकेट चुकीचंच धरतात. म्हणून तुमच्या शीटमध्ये हेही टाका:

=नॉर्म.डिस्ट(१९१, २०२, ३.३३, ट्रू)

०.०००४८ येईल, दहा हजारात पाचेक पॅकेटं. त्या बाजूने तुम्ही निवांत आहात. मात्र एवढ्या लांबच्या शेपटीच्या आकड्यावर फार विसंबू नका, तो वक्र नॉर्मल आहे असं आपण नुसतं मानलंय आणि फैलाव बारा पॅकेटांचा आहे. हलकं पॅकेट बहुतेक वेळा वक्रामुळे येत नाही, भरणारीचा फोन वाजला म्हणून येतं. २०० च्या खाली २७ टक्के, हा आकडा जास्त भरवशाचा.

दोन आकड्यांच्या मधलं पाहिजे असेल तर मोठ्यातून छोटं वजा करायचं, =नॉर्म.डिस्ट(२०६, २०२, ३.३३, ट्रू)-नॉर्म.डिस्ट(१९८, २०२, ३.३३, ट्रू), साधारण ७७ टक्के येतात. वरच्या बाजूचं पाहिजे तर १ मधून वजा.

पोहेवाली_ताई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टी वालं टाकलं, २.११६ आलं, मास्तरांनी हाताने काढलेलंही तेच. आता मला असं समजलं की ९५ टक्के पॅकेटं १९९.८८ ते २०४.१२ च्या मध्ये आहेत, बरोबर ना? तसंच लिहून देते दुकानदाराला.

शॉपफ्लोअर_चाकण

नाही नाही, तसं लिहू नका! तुमचीच बारा मोजा ना, त्यातली १९९.८८ ते २०४.१२ मध्ये किती बसतात? २०३, २०१, २०४, २०२, २०० आणि परत २०३. सहाच. निम्मी बाहेर आहेत. ते इंटरव्हल पॅकेटांचं नाहीच, ॲव्हरेजचं आहे. जास्त पॅकेटं मोजलीत तर ते अरुंद होत जाईल, पण पॅकेटं आहेत तशीच विखुरलेली राहणार, तुमच्या मोजण्याने भरणारीचा हात सुधारत नाही.

निवृत्त_मास्तर

शॉपफ्लोअर यांनी नेमकं बोट ठेवलंय, तीस वर्षं शिकवताना हाच गोंधळ सगळ्यात जास्त पेपरांत बघितला. ९५ टक्के हे पद्धतीबद्दल आहे, असं बारा-बारा उचलून पुन्हा पुन्हा इंटरव्हल काढत गेलात तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरं ॲव्हरेज त्यात सापडेल. वर सांगितलेला हजार ओळींचा खेळ केलात तर हे डोळ्यांनी दिसतं.

आकडेमोड

केला तो खेळ. एफ९ (शीट नव्याने आकडे काढते) दाबत राहिलो, टी वालं ९५० च्या आसपास फिरतंय आणि साधं वालं ९२५ च्या आसपास, वर जायचं नावच घेत नाही. पटलं मास्तर. बायकोने विचारलं ऑफिसचं काम का, म्हटलं चिवड्याचं.

सील_तपासणी

याच धाग्यात विचारतो, वेगळा काढत नाही. आमच्याकडे वजन नाही, सीलचा प्रश्न आहे. ४० पाउच तपासले, २ लीक निघाले, म्हणजे ५ टक्के. हो-नाही असलेल्या गोष्टीला कॉन्फिडन्सचं फंक्शन कसं लावायचं? मी ०.०५ गुणिले ०.९५ चं वर्गमूळ काढून स्टँडर्ड डेव्हिएशनच्या जागी टाकलं तर रुंदी ६.७५ टक्के आली, म्हणजे खालचं टोक उणे पावणेदोन टक्के. उणे लीक म्हणजे काय, हवा आत जाते का?

निवृत्त_मास्तर

हा हा. तुम्ही पुस्तकातलाच फॉर्म्युला लावलात, पण तो टक्केवारी मधोमध कुठेतरी असेल आणि सॅम्पल भरपूर असेल तेव्हा चालतो. दोन-तीनच दोष सापडले असतील तर नॉर्मलचा वक्र शून्याच्या पलीकडे सांडतो. शीटमध्ये याला सरळ उपाय आहे, बीटा.इन्व्ह. खालचं टोक =बीटा.इन्व्ह(०.०२५, २, ३९) आणि वरचं =बीटा.इन्व्ह(०.९७५, ३, ३८). म्हणजे खाली दोष आणि चांगले अधिक १, वर दोष अधिक १ आणि चांगले. ०.६ टक्के ते १६.९ टक्के येईल. दोष शून्य सापडले तर खालचं टोक शून्यच लिहायचं, तिथे फंक्शन एरर देतं.

रुंद आहे म्हणून नाराज होऊ नका, ४० पाउचांत एवढंच कळतं. लीक १७ टक्क्यांपर्यंत असू शकतं हे मालकाला ऐकायला आवडणार नाही, पण ५ टक्के असा नुसता आकडा सांगणं जास्त धोक्याचं.

पोहेवाली_ताई

परत मीच. दोन शंका, मग त्रास देत नाही. ॲव्हरेज एक ग्रॅम इकडेतिकडे एवढं तरी पक्कं कळायला किती पॅकेटं मोजावी लागतील? आणि २७ टक्के खाली जातात हे गटात सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या कमी करूया, वीसात एखादंच खाली जावं एवढं करायला किती भरायचं?

शॉपफ्लोअर_चाकण

पहिल्याचं आधी. १.९६ गुणिले ३.३३, त्याचा वर्ग, म्हणजे ४३ येतात, टी धरला तर ४६. रुंदी निम्मी करायची तर पॅकेटं चौपट लागतात, म्हणून १२ चे ४६-४८ झाले की २.१२ ची एक होते, तोच हिशोब. फोडायची गरज नाहीये ना, रिकामी पिशवी काट्यावर ठेवून झिरो करा आणि भरलेलं बंद पॅकेट ठेवा, फक्त पिशव्या एकाच मापाच्या असू देत.

पण ४६ एकाच दिवशी एकाच टोपलीतली काढू नका. एका बाईने एका तासात भरलेली सगळी एकसारखी निघतात आणि फैलाव कमी दिसतो, शीट तुम्हाला मस्त अरुंद इंटरव्हल देईल आणि ते त्या एका बाईचं असेल. पाच-सहा दिवसांतून थोडी थोडी काढा, आणि कोणी भरलं ते शेजारच्या कॉलममध्ये लिहा. मला शंका आहे की निम्मा फैलाव तिथेच सापडेल.

दुसऱ्याला नॉर्म.डिस्टचं उलटं लागतं. =नॉर्म.एस.इन्व्ह(०.९५) म्हणजे १.६४५, त्याला ३.३३ ने गुणलं की ५.५ ग्रॅम. तर ॲव्हरेज २०५.५ वर न्यायचं. आत्ता २०२ आहे म्हणजे पॅकेटमागे साडेतीन ग्रॅम जादा, हजार पॅकेटांना साडेतीन किलो चिवडा फुकट. त्यापेक्षा फैलाव ३.३३ वरून २ वर आणता आला तर २०३.३ वरच काम भागतं, हजारामागे दोन-सव्वादोन किलो वाचतात. शेंगदाणे आणि खोबरं पोह्यात मिसळून भरता की वरून वेगळं घालता? वरून घालत असाल तर एक काप जास्त पडला की दोन ग्रॅम गेलेच, ते वेगळं मोजून घाला.

पोहेवाली_ताई

वरूनच घालतो, तळलेलं खोबरं मऊ पडू नये म्हणून. ते छोट्या वाटीने वेगळं मोजून बघतो आता. भरणारीच्या नावाचा कॉलम टाकायचा म्हटलं तर दोघी आत्ताच फुगून बसल्यात, नावाऐवजी १, २, ३, ४ नंबर टाकते.